माजघर आणि ऊन

पिंगळीतल्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात माजघराच्या पाठीमागे एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. छताजवळ हातभर झरोका, तोही पावसाळ्यात पोते कोंबून बंद केलेला. घराण्यातल्या चार पिढ्यांचे जन्म तिथे झाले, म्हणून तिला बाळंतिणीची खोली म्हणत. एरवी तीत ज्वारीच्या कणग्या असत. थोरल्या आजीचे निम्मे आयुष्य या खोलीत आणि तिच्यापुढच्या माजघरात गेले.

थोरली आजी म्हणजे माझ्या आजोबांची भावजय. निजामाच्या राज्यात, तेराव्या वर्षी, ती लग्न होऊन पिंगळीत आली. घर अब्रूदार, सुनांनी ढाळजेपर्यंतही यायचे नाही अशी रीत. संक्रांतीचे हळदीकुंकू सोडले तर तिच्या अंगाला ऊन म्हणून लागत नसे. माहेरीही जायची ती झाकलेल्या गाडीतून. सात बाळंतपणे झाली. चाळिशीच्या आतच तिची कंबर आणि मांड्या दुखू लागल्या. जमिनीवरून उठायचे तर भिंतीचा नाही तर जात्याचा आधार लागे, आणि चालताना ती दोन्ही बाजूंना डुलत असे. घरात सगळे त्याला वात म्हणत. आम्ही पोरे तिच्यामागून तसेच डुलत चालत असू. ती मागे न पाहता हसे. १९८७ साली ती गेली. तिची तपासणी कधी कोणी केली नाही. पण पुढे वाचनात जे आले त्यावरून तिचा वात हा वात नव्हता, अशी माझी खात्री झाली आहे.

मुडदूस हा शब्द मराठी आयांना नवा नाही. पोट सुटलेले, पाय धनुष्यासारखे वाकलेले मूल पूर्वी गल्लोगल्ली दिसे. हाच रोग वाढ पुरी झालेल्या माणसाला झाला, तर हाडे वाकण्याऐवजी मऊ पडतात आणि ठणकतात. त्याला अस्थिमार्दव म्हणतात. दोहोंचे मूळ एकच, ड जीवनसत्त्वाचा अभाव. हे जीवनसत्त्व मोठे विलक्षण आहे. बाकीची ताटातून येतात. हे मुख्यतः कातडीत तयार होते. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की तिथल्या एका स्निग्ध द्रव्यापासून ते बनते, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात, आणि त्याच्या बळावर आतडी अन्नातला चुना ओढून घेतात. ते नसले तर हाडाचा सांगाडा उभा राहतो, पण त्यात चुना भरत नाही.

आता हे चार ओळींत सांगता येते. पण एवढे कळायला माणसाला फार दिवस लागले. थिओबाल्ड पाम नावाचा एक मिशनरी डॉक्टर जपानात बरीच वर्षे राहून इंग्लंडात परतला. जपानात न दिसलेला मुडदूस त्याला मायदेशी जागोजाग दिसला. त्याने देशोदेशीच्या मिशनऱ्यांना पत्रे घालून चौकशी केली आणि १८९० साली लिहिले की, हा रोग उन्हाच्या अभावाचा आहे. कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे ग्लासगोच्या डॉक्टरांनी कोंडून ठेवणे आणि हालचालीचा अभाव हे कारण धरले. १९१९ च्या सुमारास लंडनच्या एडवर्ड मेलनबीने कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की आहार बिघडला तर रोग होतो आणि कॉड माशाच्या तेलाने बरा होतो. त्याच वर्षी बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून नुसत्या प्रकाशाने बरे केले. खरे कोणाचे मानायचे, ताटाचे की उन्हाचे?

या वादात आपल्या नाशिकची साक्ष निघाली. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी विलायतेतल्या एका मान्यवर वैद्यकीय त्रैमासिकात मुडदुसाच्या कारणांवर निबंध प्रसिद्ध केला. लहानपणीचा आणि उशिरा येणारा, अशा दोन्ही प्रकारांचा त्यात विचार होता. नाशिकास त्यांना आढळले ते कोणाही शहाण्यासुरत्या माणसाला बुचकळ्यात टाकणारे होते. ज्यांच्या घरी खायला-प्यायला बेताचे, पण पोरे दिवसभर उघड्यावर, त्या गरिबांत हा रोग जवळपास नव्हता. ज्यांच्या घरी दूधदुभते होते, पण बायका पडद्यात आणि तान्ही मुले त्यांच्याबरोबर आत, त्या सुखवस्तू मुसलमान आणि वरच्या जातींच्या हिंदू कुटुंबांत तो होता. गरिबी हे बहुतेक रोगांचे माहेर. हा एक रोग वाड्यांत नांदत होता.

हे वाचले तेव्हा मला आमच्या सालगड्याची बायको आठवली. भाकरी, ठेचा, झाली तर डाळ, एवढ्यावर ती कापसाच्या रानात खुरपण करी. सत्तरीतही तिची पाठ ताठ होती. आमच्या घरचे दूधतूप मात्र थोरल्या आजीच्या हाडांच्या कामी आले नाही. (तेही तिच्या ताटात पुरुषांची पंगत उठल्यावर उरेल तेवढेच पडे.)

चार वर्षांनी, १९२६ मध्ये, श्रीनगरला काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी काश्मीरमधल्या अस्थिमार्दवाविषयी लिहिले. शहरातल्या पडदानशीन स्त्रियांची कंबरेची हाडे मऊ पडून आत दबत आणि मूल अडून माता दगावत. झेलमच्या पात्रात नावा चालवणाऱ्या हांजी बायका मात्र सुखरूप बाळंत होत. १९२८ साली त्यांनी पडद्याच्या चालीवर पुस्तकच काढले. त्याच वर्षी या जीवनसत्त्वांच्या रसायनावरील कामाबद्दल जर्मनीच्या विंडाउसना नोबेल पारितोषिक मिळाले. थोरली आजी तेव्हा माहेरच्या अंगणात खेळत असेल. म्हणजे ती आमच्या माजघरात येण्यापूर्वीच तिच्या दुखण्याचे कारण जगाला ठाऊक झाले होते. पिंगळीपर्यंत तेवढे यायचे राहिले.

इतिहासाची गंमत अशी की, १९६२ साली हाच रोग पुन्हा ग्लासगोत सापडला, या खेपेस आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या पाकिस्तानी कुटुंबांत. सावळ्या कातडीला हे जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त ऊन लागते, आणि तिकडे ते नाही. शिवाय कोंड्यासकट पिठाच्या पोळ्यांतला एक घटक चुना अडवून धरतो. ज्वारीलाही हा दोष थोडाफार आहे. म्हणून भाकरी सोडा असे मी म्हणणार नाही. परभणी जिल्ह्यात राहून तसे म्हणणे जिवावर बेतेल. दूध-ताक जोडीला हवे, एवढेच.

हे सगळे जुने झाले, आता पडदा राहिला नाही, असे मलाही वाटत होते. पण २०११ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २५ ते ३५ वर्षांच्या अकराशेंहून अधिक निरोगी स्त्रीपुरुषांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष छापले: शंभरांत सुमारे ७० जणांत हे जीवनसत्त्व कमी! पडद्याची जागा कचेरीने घेतली, इतकेच. वय वाढले की कातडीची ताकद उतरते, स्थूल देहात हे जीवनसत्त्व चरबीत अडकून बसते; मूत्रपिंडाच्या वा यकृताच्या रोग्यांना आणि फेफऱ्याची काही औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही त्याची वाण पडते. शाकाहारी ताटात तर ते जवळजवळ नसतेच.

आणि आता माझा गुन्हा. माझी पत्नी तीन वर्षे पाय आणि बरगड्या दुखतात म्हणत होती. मी शिक्षक, मुलांना विज्ञान शिकवणारा. मी तिला म्हटले, वय झाले. एके दिवशी ती हाताचा रेटा देऊन पाटावरून उठली आणि दारापर्यंत डुलत गेली. मागे मी उभा होतो. पाच वर्षांचा असताना ज्या चालीची नक्कल केली होती, ती चाल मी ओळखली. परभणीला रक्त तपासले. ज्याची शंका होती तेच निघाले. आठवड्याला एक पुडी, अशी डॉक्टरांनी मोजून दिलेली औषधे आठ आठवडे चालली. (हेच औषध आपल्या मनाने रोज घेतले तर रक्तात चुना साचून मूत्रपिंडे बिघडतात, म्हणून हौसेने कोणी घेऊ नये.) चौथ्या महिन्यात ती आधाराशिवाय उठू लागली.

सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे, असे आपल्याकडे सांगतात. ते सुखाचे खरे, पण या कामी फारसे उपयोगाचे नाही. तिरप्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि हवे ते किरण वाटेतच गळतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडेल तेव्हाचे ऊन कामाचे, हा सोपा अडाखा. गेल्या २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, मी शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी रोवून मुलांकडून सावली मोजवली. सकाळी आठला ती चार मीटरांच्या पुढे होती. मध्यान्हीला ९२ सेंटिमीटर. म्हणजे पिंगळीला पौषातही दुपारी थोडे का होईना ऊन पुरते. विलायतेला हिवाळ्याचे कित्येक महिने हे भाग्य नाही.

त्याच भरात मी बाळंतिणीच्या खोलीला दक्षिणेच्या अंगाने खिडकी पाडायला सांगितली. गवंड्याने पांढऱ्या मातीची दोन हात जाडीची भिंत तीन दिवस फोडली, चौकट बसवली आणि धूळ नको म्हणून चांगली जाड काच लावली. शंभर वर्षांत प्रथमच त्या खोलीत उन्हाचा पट्टा पडला. पत्नी त्यात तूर निवडायला बसली. मला मोठे समाधान वाटले. रात्री पुस्तक उघडले तेव्हा दिसले, की काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण हे किरण आत येत नाहीत.

सकाळी मी तिला ते सांगितले. तिने सूप उचलले आणि म्हणाली, "अहो, मग मी अंगणातच बसते की. खिडकी कशाला पाडली तुम्ही?"