मैदानाचं दार

काव्यवाचन संपलं की हमखास एखादे गृहस्थ जवळ येतात. माझा हात हातात घेतात आणि अगदी मनापासून म्हणतात, "मराठी फार छान आहे हो तुमचं!" त्यांच्या मनात वाकडं काही नसतं. मीही हसून आभार मानतो. पण माझं नाव वेगळं असतं, तर हे कौतुक माझ्या वाट्याला आलं असतं का, हा विचार घरापर्यंत सोबत येतो. ज्या भाषेत लहानपणी भांडलो, परीक्षा दिल्या, कविता लिहिल्या, त्या भाषेच्या उंबरठ्यावर पन्नाशीनंतरही माझं स्वागत होतं. आणि स्वागत तर पाहुण्याचं करतात, घरच्या माणसाचं नाही!

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही. खेळाच्या इतिहासातलं एक वर्ष मला म्हणूनच जवळचं वाटतं. ते वर्ष म्हणजे १८९६. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं होत आली होती. जगभर मैदानं आखली जात होती, नियम लिहिले जात होते. आणि प्रत्येक मैदानाच्या दारात एक प्रश्न उभा होता : तुम्ही कोण?

सुरुवात अथेन्सपासून करू. ६ एप्रिल १८९६ रोजी तिथं आधुनिक ऑलिंपिकला सुरुवात झाली. अॅव्हेरॉफ नावाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून जुनं स्टेडियम संगमरवरात पुन्हा उभं राहिलं होतं. १० एप्रिलला मॅरेथॉन झाली. पाणी वाहून नेण्याचं काम करणारा स्पिरिडॉन लुई २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पहिला आला, तेव्हा ग्रीसचे दोन राजपुत्र अखेरच्या टप्प्यात त्याच्याबरोबर धावले. पाणक्याशेजारी राजपुत्र! किती सुंदर चित्र आहे हे.

पण या चित्राच्या चौकटीबाहेरही माणसं होती. स्पर्धेत एकही स्त्री नव्हती. स्तमाता रेविथी नावाची एक गरीब बाई मॅरेथॉनचं अंतर दुसऱ्या दिवशी एकटीच धावली, पण तिला स्टेडियमच्या आत घेतलं गेलं नाही. इटलीचा कार्लो ऐरोल्दी मिलानहून बराचसा प्रवास पायी करून आला. त्यानं पूर्वी शर्यतीत पैसे जिंकले होते, म्हणून तो 'हौशी' ठरला नाही आणि दारातून परतला. ब्रिटिश वकिलातीत नोकर असलेले कीपिंग आणि बॅटेल सायकल शर्यतीत उतरणार म्हटल्यावर त्यांच्याच देशबांधवांनी नाकं मुरडली. चाकरी करणारा माणूस हौशी खेळाडू कसा, असा त्यांचा सवाल होता. तरीही दोघं उतरले. बारा तासांच्या शर्यतीत कीपिंग दुसरा आला, तोही पहिल्यापेक्षा अवघी एक फेरी मागे.

तिकडे अमेरिकेत ६ मे रोजी केंटकी डर्बी झाली. 'बेन ब्रश' या घोड्यावर स्वार होऊन ती जिंकली विली सिम्स या कृष्णवर्णीय जॉकीनं. त्यानंतर बाराच दिवसांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्याचा निकाल दिला आणि काळ्या-गोऱ्यांसाठी वेगवेगळे डबे ठेवणं कायदेशीर ठरवलं. पुढं कृष्णवर्णीय जॉकी शर्यतींतून हळूहळू बाजूला सारले गेले. १९०२ नंतर त्यांच्यापैकी कुणालाही ही डर्बी जिंकता आलेली नाही.

आता इंग्लंडकडे वळू. जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. त्या काळी ज्या मैदानावर सामना, तिथली समिती संघ निवडत असे. लॉर्ड्सच्या संघात रणजितसिंहजींचं नाव नव्हतं. तिथं लॉर्ड हॅरिस यांचं मोठं वजन होतं. हे गृहस्थ आदल्याच वर्षापर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. रणजींना त्यांचाच विरोध होता, असं अनेकांनी लिहून ठेवलं आहे.

मँचेस्टरच्या समितीनं मात्र रणजींना घेतलं. ऑस्ट्रेलियाच्या कप्तानानंही हरकत घेतली नाही. जुलैमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर रणजींनी पहिल्या डावात ६२ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात नाबाद १५४. सगळ्या इंग्लंडच्या ३०५, त्यांतल्या निम्म्याहून अधिक या एका माणसाच्या! त्या मोसमात त्यांनी २,७८० धावा काढल्या आणि डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा पंचवीस वर्षांचा विक्रम मोडला.

इथवर वाचून आपल्याला अभिमान वाटतो. वाटायलाच हवा. पण याच सामन्यात टॉम रिचर्डसन नावाचा एक गोलंदाज होता. त्यानं १३ बळी घेतले. शेवटच्या डावात सलग तीन तास गोलंदाजी केली, तरी इंग्लंड ३ गडी राखून हरलं. रिचर्डसन गोरा होता, पण पोटासाठी खेळत होता. पुढच्या महिन्यात ओव्हलच्या कसोटीआधी त्यानं आणि आणखी चार व्यावसायिक खेळाडूंनी दहाऐवजी वीस पौंड मागितले. मागणी फेटाळली गेली. तिघांनी माघार घेतली, त्यांत रिचर्डसनही होता. बाकीचे दोघं खेळले नाहीत. रणजी राजघराण्यातले, म्हणून 'जंटलमन'. रिचर्डसन मजुरीवाला. अनेक मैदानांवर या दोन जातींच्या खेळाडूंना आत यायला दारंही वेगळी असत. इंग्लंडमधला हा भेद मिटायला १९६२ साल उजाडावं लागलं.

मग आपण इंग्रजांना हसावं का? जरा थांबू. त्याच दशकात इथं पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू नावाचा तरुण खेळपट्टी सांभाळत होता आणि साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकत होता. पुढं हिंदू संघाला त्याची डावखुरी फिरकी हवी होती, पण चहा त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. गोऱ्यांना हरवण्यासाठी त्याचा हात चालत होता, तोच हात कपबशीला चालत नव्हता. कर्तृत्व एवढं असूनही हिंदूंचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

म्हणजे दारावरचा रखवालदार काही एकाच रंगाचा, एकाच धर्माचा नसतो. तो लंडनमध्ये असतो, अथेन्समध्ये असतो आणि आपल्या पुण्यातही असतो. मी पुरुष आहे, बी.ए. झालो आहे, कुठल्या तरी दारात मीही तसाच उभा राहिलो असेन. रणजींनी शतक ठोकलं म्हणून दार उघडलं, हे खरं. पण आत येण्यासाठी प्रत्येकानं शतकच का ठोकावं? साधा अकरावा गडी होण्याचा हक्कही माणसाला हवा ना?

पुढच्या वेळी काव्यवाचनानंतर ते गृहस्थ भेटले आणि "मराठी फार छान आहे हो तुमचं" म्हणाले, की काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. त्यांचा हात तितक्याच प्रेमानं धरायचा आणि म्हणायचं, "तुमचंही छान आहे हो!"