प्रज्वलनतारांचे आर्द्रतेपासून संरक्षण (जुन्या मोटारगाड्या)

जुन्या पेट्रोल गाडीतील कॉइल, डिस्ट्रिब्युटर व स्पार्क प्लग यांना जोडणाऱ्या उच्चदाबाच्या तारा ओलीमुळे निकामी होऊ नयेत म्हणून करावयाची तजवीज. बॅटरीचा ६ किंवा १२ व्होल्टांचा दाब कॉइलमध्ये वाढून सुमारे २०,००० व्होल्टांपर्यंत जातो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर साचलेल्या धूळ-तेलाच्या पुटाला दमट हवेत ओल धरली, की ही वीज प्लगपर्यंत न पोहोचता त्या पुटावरून इंजिनाच्या धातूत उतरते.

कारणे : निर्मळ पाण्यापेक्षा मळ मिसळलेले पाणी विजेचे अधिक सुवाहक असल्याने मूळ दोष बहुधा अस्वच्छतेचा असतो. ठिणगीपासून निर्माण होणाऱ्या ओझोन वायूने नैसर्गिक रबराच्या आवरणास सूक्ष्म तडे जातात. बेकेलाइटच्या टोपीत गळती एकदा सुरू झाली, की पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ उमटते; ती जळून झालेल्या कार्बनाची असल्याने पुसून भागत नाही, टोपीच बदलावी लागते.

मिनी : २६ ऑगस्ट १९५९ रोजी विक्रीस आलेल्या, अॅलेक इसिगोनिस यांनी योजिलेल्या या ब्रिटिश गाडीत ८४८ घ.सेंमी.चे इंजिन आडवे बसविलेले असून रेडिएटर समोर नसून बाजूस असल्याने दर्शनी जाळीतून आलेले पावसाचे पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर पडे. आरंभीच्या नमुन्यात इंजिन उलट दिशेने बसविलेले होते. ते फिरविण्याचे कारण कार्बुरेटर गोठणे हे होते, की दंतचक्रांची झीज, याविषयी मतभेद आहेत. जाळीमागे पत्रा लावणे हा एक उपाय. दुसरा अधिक लोकप्रिय, रबरी हातमोज्याचा. त्याच्या बोटांची टोके कापून चार बोटांतून प्लगच्या चार तारा आणि पाचव्यातून कॉइलची तार ओवली, की मोजा टोपीवर चपखल बसतो.

लष्करी गाड्या : एम-३८ जीपमध्ये २४ व्होल्टांची जलाभेद्य योजना होती.

उपाय : तारा व टोपी कोरड्या फडक्याने पुसाव्यात, तडकलेल्या तारा बदलाव्यात आणि प्लगच्या रबरी टोपणांत सिलिकोन ग्रीज भरावे. १९५३ साली अमेरिकेत सिद्ध झालेले डब्ल्यूडी-४० हे पाणी हटविणारे द्रव्य तात्पुरते उपयोगी पडते. परंतु त्याचा तेलकट अंश मागे राहून पुन्हा धूळ धरतो. डिस्ट्रिब्युटर सर्वस्वी हवाबंद करू नये, कारण आत अडकलेली वाफ थंडीत तेथेच पाणी होऊन साचते.

परीक्षा : रात्रीच्या अंधारात इंजिन चालू ठेवून, हात व कपडे तारांपासून दूर राखून, बॉनेट उघडून पाहिल्यास गळतीच्या जागी निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात, दिवसा निर्दोष भासणारी तार येथे उघडी पडते.