कुडीतील मंडळी तियात्राला जातात

१७ एप्रिल १८९२ हा दिवस ईस्टरचा रविवार होता. चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ संपला होता आणि मुंबईतील गोवेकर ख्रिस्ती माणसे सणाच्या आनंदात होती. त्याच दिवशी न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात 'इटालियन भुरगो' नावाचा कोकणी खेळ झाला. गोवेकरांचा 'तियात्र' हा नाट्यप्रकार जन्मला तो या दिवशी. त्याचे नाव पोर्तुगीज भाषेतून आलेले, भाषा कोकणी आणि जन्मस्थान मात्र मुंबई. आजही १७ एप्रिल हा तियात्राचा दिवस म्हणून पाळला जातो.

रंगभूमीचे इतिहास बहुधा लेखकांचे आणि नटांचे असतात. कोणी नाटक लिहिले, कोणी गाजवले, कोणते गीत लोकांच्या ओठी बसले, हे सारे त्यांत सापडते. परंतु पडद्याच्या अलीकडे जी माणसे बसलेली असतात, ती कोठून आली, कोणाच्या सोबतीने आली आणि काय घेऊन घरी परतली, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. तियात्राच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. कारण तियात्राला जाणारा माणूस एकटा जात नसे. तो आपल्या कुडीतील मंडळींबरोबर जात असे.

'कूड' म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरू लागले. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत झालेल्या कराराने गोव्याच्या मिठाच्या धंद्यावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि ओढगस्त वाढली. पुढे रेल्वेने प्रवास सोपा केला. मुंबईत आलेला गोवेकर साहेबाच्या घरी आचारी किंवा बटलर झाला, शिंपी झाला, बँडमध्ये वाजवू लागला किंवा बोटीवर नोकरी मिळवून 'तारवटी' झाला. नोकरी मिळेपर्यंत आणि दोन सफरींच्या मधल्या दिवसांत त्याने राहावे कोठे? त्यासाठी प्रत्येक गावाने मुंबईत आपापली कूड उभी केली. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी होत्या. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत तर एका छपराखाली कितीतरी गावे नांदत होती.

कुडीत खाट क्वचितच असे. भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या पेट्या हीच प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाचा संसार. एका बाजूस वेदी, तिच्यावर गावच्या आश्रयदात्या संताची मूर्ती. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सर्वांनी मिळून म्हणायची, हा नियम. गावच्या चर्चचा सण असे त्या दिवशी मुंबईतही कुडीत सण साजरा होई. अल्प वर्गणीत डोक्यावर छप्पर आणि आजारपणात पाण्याचा पेला देणारा माणूस मिळे. या व्यवस्थेला दोष होतेच. स्त्रियांना तेथे बहुधा स्थान नव्हते. गोव्यातील जातिभेद पेट्यांबरोबर मुंबईत आला आणि तो काही कुडींच्या उंबरठ्यावरही उभा राहिला. तरीही परक्या शहरात एकाकी पडलेल्या माणसाला कुडीने सावरले, हे मान्य करावेच लागेल.

पोटाची सोय झाली, झोपण्याची झाली, प्रार्थनेची झाली. राहिली ती मनाची सोय. दिवसभर हा माणूस साहेबाशी मोडक्या इंग्रजीत बोले, बाजारात मोडक्या हिंदुस्तानीत बोले. त्याच्या स्वतःच्या भाषेचा इतिहास दुःखद होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले, याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच फादरांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. परंतु १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून गोमंतकीयांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी असा हुकूम केला. फर्मानाने भाषा मरत नाही. मात्र ती बोलणाऱ्याला तिची लाज वाटू लागते. प्रतिष्ठित घरांत पोर्तुगीज आणि नोकरांशी बोलताना कोकणी, असा प्रघात पडला. आणि मुंबईत आलेले बहुसंख्य गोवेकर हे त्या 'नोकरांच्या भाषेचे'च होते. कोकणीतील पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळोक' हेही १८८९ साली गोव्यात निघाले नाही, ते पुण्यात निघाले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या वेळची मुंबई नाटकांनी गजबजलेली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली आणि 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले होते. पारशी मंडळ्यांची भव्य देखाव्यांची नाटके जोरात होती. युरोपातील संगीतनाट्य मंडळ्याही शहरात येत. अशाच एका इटालियन मंडळीच्या खेळांनी बारदेशातील आसगावचा लुकासिनो रिबेरो हा तरुण भारावून गेला. त्या मंडळीबरोबर त्याने काही काळ कामही केले, असे तियात्राचे अभ्यासक सांगतात. परक्या भाषेतील ते गाणे आणि तो अभिनय पाहून त्याच्या मनात विचार आला की हे आपल्या माणसांसाठी, आपल्या बोलीत का होऊ नये? सोबतीला काही गोवेकर मित्र घेऊन त्याने 'इटालियन भुरगो' उभे केले. कथा इटालियन वळणाची होती, पण बोल कोकणी होते.

या आरंभीच्या मंडळींत मडगावच्या बोर्डा भागातील जुवांव आगोस्तिनो फेर्नांडिस (१८७१–१९४७) हाही होता. त्याने तियात्राला उसन्या कथांतून बाहेर काढले. १८९५ सालच्या त्याच्या तियात्राचे नावच 'कावेलची सुंदरी' असे होते. कावेल म्हणजे प्रेक्षकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा मोहल्ला. पुढे 'भाटकार' या तियात्रात त्याने गोव्यातील जमीनदाराला रंगमंचावर आणले. ज्या भाटकारापुढे गावात मान वर करण्याची सोय नव्हती, त्याचे वर्तन मुंबईत तिकीट काढून, खुर्चीवर बसून न्याहाळताना त्या मुंडकारांच्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १९०४ साली याच 'भाटकार'मध्ये फेर्नांडिसची पत्नी रेजिना हिने भूमिका केली आणि ती तियात्रातील पहिली स्त्री कलावंत ठरली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिकांसाठी दाखल झाले. ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आचारी-तारवट्यांच्या या रंगभूमीने केवढे धाडस केले, ते ध्यानी येते.

तियात्राचा घाटही त्याच्या प्रेक्षकांना साजेसा आहे. सामान्यतः त्याचे सात भाग असतात. त्यांना अंक न म्हणता 'पडदे' म्हणतात. दोन पडद्यांच्या मध्ये रंगमंचापुढे गायक येतात आणि 'कांतारां' गातात. कधी एकट्याने, कधी दोघांनी, कधी तिघांनी वा चौघांनी मिळून. पुढे बसलेला बँड साथ करतो. या कांतारांचा कथानकाशी संबंध असतोच असे नाही. विषय असतो ताजा: महागाई, निवडणूक, सासू-सून, दारू, परदेशी गेलेला मुलगा, क्वचित फादरसुद्धा! आवडले तर शिट्ट्या वाजवून तेच पुन्हा म्हणावयास लावायचे, हा प्रेक्षकांचा हक्क. सुशिक्षित समीक्षकांनी याला वारंवार नावे ठेवली. कथेचा रसभंग होतो, असे ते म्हणत. परंतु कित्येक प्रेक्षकांना वृत्तपत्र वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी कांतार हेच वृत्तपत्र होते, हे समीक्षकांच्या ध्यानात आले नाही.

या साऱ्यात ख्रिस्तसभेची भूमिका कोणती? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू मांडाव्या लागतील. गोव्यात सोळाव्या शतकातच जेज्वीट धर्मगुरूंनी आपल्या विद्यालयात धार्मिक नाट्यप्रयोग केले होते. तियात्रातील गायकांचे व वादकांचे पूर्वज ज्या धर्मग्रामीय शाळांत शिकले, तेथे मेस्त मंडळी मुलांना वाचनाबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळा नसत्या तर मुंबईच्या बँडांत गोवेकर वादक दिसले नसते आणि तियात्रही असे गायले नसते. ही झाली जमेची बाजू. दुसरीकडे, गावकऱ्यांचा जुना 'जागर' हा लोकनाट्यप्रकार धर्माधिकाऱ्यांनी पाखंड समजून दडपण्याचा यत्न केला. शिवोलीत मात्र हिंदू आणि ख्रिस्ती मिळून आजही जागर करतात. लोकांचे रंजन संशयाने पाहण्याची सवय आम्हा धर्मगुरूंना लवकर जडते आणि उशिरा सुटते.

ती सवय मलाही होती. १९९२ साली, तियात्राच्या शताब्दी वर्षात, मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो आणि रविवारी दक्षिण मुंबईतील एका धर्मग्रामात मदतीस जात असे. शेजारच्या कुडीतील वृद्ध तारवटी मला तेर्स सांगण्यास बोलावीत. एका रविवारी त्यांनी प्रार्थना नेहमीपेक्षा तासभर अगोदर उरकली आणि मला म्हणाले, "ब्रदर, आज आमच्याबरोबर चला." नाही म्हणणे जड गेले. आम्ही चौदा-पंधरा जण पायीच निघालो. इस्त्रीच्या पँटी, केसांना तेल, कोणाच्या खिशात शेंगदाण्यांची पुडी. मी सेमिनरीत शेक्सपिअर वाचलेला! पहिल्या दोन पडद्यांत मला भडक अभिनयाखेरीज काहीच दिसले नाही.

मग एक कांतार सुरू झाले. बोटीवर असताना आई वारल्याची तार उशिरा मिळालेल्या तारवट्याचे ते गाणे होते. नाट्यगृहात क्षणापूर्वी शिट्ट्या चालल्या होत्या, त्या थांबल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ, ज्यांना मी कधी हळवे झालेले पाहिले नव्हते, मान खाली घालून बसले होते. पलीकडच्याने काही न बोलता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्या माणसाची कथा जाणणारा होता. ते दोघे एकाच गावचे, त्या आईच्या हातचे जेवलेले. एकटा माणूस नाटकाला गेला असता तर त्यालाही रडू आले असते. परंतु आपण का रडलो हे जाणणारा कोणी शेजारी नसता.

परतताना मी गप्प होतो. दुःख माझे वेगळे होते. मी वसईचा. माझ्या घरची बोली सामवेदी. सेमिनरीत पहिल्या वर्षी माझे वडील भेटावयास आले असता मी त्यांच्याशी मुद्दाम प्रमाण मराठीत बोललो होतो, सोबत्यांनी हसू नये म्हणून. वडिलांनी काही विचारले नाही. तेही आपली बोली सोडून अडखळत तशीच उत्तरे देत राहिले. एका आचाऱ्याच्या भाषेला बँडच्या साथीने रंगमंचावर उभी राहिलेली पाहिल्यावर मला त्या दिवसाची आठवण झाली आणि लाज वाटली. त्या महिन्यात घरी गेलो तेव्हा ओटीवर बसून वडिलांशी आमच्या बोलीत पोटभर बोललो.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतर तियात्राचे केंद्र हळूहळू मुंबईहून गोव्याकडे सरकले. पणजीच्या कला अकादमीने स्पर्धा भरविल्या. २००९ साली तियात्र अकादमी स्थापन झाली. सी. आल्वारिस, आल्फ्रेड रोझ, एम. बॉयर ही नावे घराघरांत पोचली. आखाती देशांत गेलेल्या गोवेकरांनी तियात्र तिकडेही नेले. मुंबईत मात्र पट उलगडत गेला. काळबादेवीला भांगवाडीत असलेले प्रिन्सेस थिएटर आज राहिलेले नाही. धोबीतलावचे खुले रंगभवन ध्वनिविषयक नियमांमुळे या शतकाच्या आरंभी प्रयोगांना बंद झाले. अनेक कुडी मिटल्या, काही अजून तग धरून आहेत. तियात्र जगले याचा आनंद आहे. आपल्या गावच्या मंडळींसह पायी नाटकाला जाण्याची ती रीत मात्र विरळ झाली.

आमच्या धर्मग्रामात सणाच्या वेळी अजूनही तरुण मंडळी नाटक बसवितात. तालमीला जागा हवी म्हणून ते माझ्याकडे येतात तेव्हा मी सभागृहाची किल्ली देतो आणि एवढेच विचारतो, "एखादा प्रवेश तरी आपल्या बोलीत आहे ना?" गेल्या खेपेस होता. मागच्या रांगेत बसलेल्या आजीबाई त्या प्रवेशाला जितक्या मोठ्याने हसल्या, तितके हसू त्या सभागृहाने पूर्वी कधी ऐकले नसेल. शेजारच्या खुर्चीवर त्यांची नात बसली होती. ती आजीला विचारत होती, "तो काय म्हणाला? मला पण सांग."