भूमिगत नळ, टाक्या आणि भराव

‘छावणी’ या शब्दाचा मूळ अर्थ छप्पर घालणे असा आहे. पावसाळ्यापुरता मुक्काम पडला म्हणजे सैन्य झोपड्या शाकारून राही. त्या शाकारण्यावरून तळासच ते नाव मिळाले. खाम नदीकाठच्या औरंगाबादची (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) छावणी त्याच नामकरणाचे उदाहरण होय. या नगराला दुसरेही एक आच्छादन आहे. ते जमिनीखाली असल्यामुळे इतिहासात त्याची नोंद क्वचितच आढळते.

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी वसविली व उत्तरेकडील डोंगरांतील पाणी भूमिगत नहरीने गावात आणले. अठराव्या शतकात पाणचक्कीसही असेच पाणी मिळाले. या रचनांचे वर्णन करणारे उगम सांगतात, हौद सांगतात, आश्रयदात्यांची नावे सांगतात. चर कशाने बुजविला हे सांगत नाहीत. नहर व हौद हे अरबीतून आलेले शब्द दफ्तरांत शिरले. चर, भराव, धुम्मस हे बेलदारांच्या तोंडचे शब्द बाहेरच राहिले. भाषेतील ही विषमता इतिहासलेखनातही उतरली आहे.

वस्तुतः खापरी नळाचे सामर्थ्य नळात नसतेच. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. पाणी उतारावरून खाली येऊन पुन्हा वर चढू लागले की नळ आतून फुटू पाहतो. रिकामा झाला की वरच्या मातीचे ओझे त्याला चेपते. म्हणून पाणचक्कीचे नळ चुन्याच्या बांधकामात बसविलेले आहेत. शिवाय येथील काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तीच नळाला भिडविणे म्हणजे दर पावसाळ्यास त्यास हिसके देणे होय.

पेट्रोलच्या पोलादी टाक्यांनाही हाच न्याय लागू पडतो. त्यांच्याभोवती स्वच्छ वाळू थराथराने दाबून घालावी लागते. टोकदार दगड राहिला तर लेप खरवडला जातो व तेथे गंज धरतो. वीस हजार लिटरची रिकामी टाकी भूजलात पूर्ण बुडाल्यास पाणी तिला सुमारे वीस टनांच्या बळाने वर उचलते. तिचे स्वतःचे वजन या बळापुढे अगदीच तोकडे असल्याने वरचा भराव व नांगरपट्टे यांनीच तिला धरून ठेवावे लागते.

नहरीवर रस्त्याचा खड्डा पडतो तेव्हा नळाचा तुकडा उचलून ठेवला जातो आणि चुन्याचे वेष्टन राडारोड्यात जाते. कोणती माती, किती थर, चुना कोणता, याचा एकमेव पुरावा त्या वेष्टनातच असतो. खणणाऱ्याने नळाआधी चराची कड मोजावी.