खारपाणपट्ट्यातून देवमासा

आमचं गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आजी म्हणायची, "इथी पह्यले समुद्र होता, बाप्पा!" समुद्राशी आमचं नातं एवढंच. त्यामुळे देवमाशांवर लिहितोय म्हटल्यावर अमरावतीचे काका हसणार, हे धरूनच चाललोय.

पण गेले काही दिवस डोक्यात तेच आहे. जहाजावरून देवमासे मोजतात कसे? तर डेकवर उभं राहून पाण्याकडे बघत राहायचं. बस्स! दिसला तर जात, संख्या, वेळ, जागा लिहायची. आणि दिसो न दिसो, किती तास पाहिलं तेही लिहायचं. हा दुसरा आकडा मला फार आवडला.

'सागर संपदा' हे आपलं सरकारी संशोधन जहाज. ऑक्टोबर २००३ ते फेब्रुवारी २००७ या काळात ते इतर कामांसाठी निघालं की देवमासे-डॉल्फिन पाहणारेही सोबत असत. ३५ सफरी, ५,२५४ तास, नोंदी ४७३. म्हणजे सरासरी अकरा तास पाणी न्याहाळावं तेव्हा एक नोंद!

आता दुसरी वही. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळच्या समुद्रात २३८ हंपबॅक देवमासे मारले. बेकायदा. जगाला दाखवायचे आकडे वेगळे, खरे आकडे कपाटात. युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने ते १९९७ साली छापले, तेव्हा जगाला कळलं. पुढे २००० ते २००४ मधल्या शेपटीच्या खुणांच्या फोटोंवरून ओमानजवळच्या हंपबॅकांचा अंदाज निघाला, तो ८२ च्या आसपास. हे देवमासे इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर अरबी समुद्रातच असतात. बाहेरून भर पडायची आशा नाही. मिखालेव्ह गप्प राहिले असते, तर आपण म्हटलं असतं, इथे असतातच मुळी थोडे!

हे वाचताना आबा आठवले. तूर विकायला अकोल्याला जाताना मला न्यायचे ते एकाच कामासाठी. "पोरा, तू फकस्त काट्याकडं पाय." तरी एका वर्षी अडत्याच्या पट्टीत माल कमी भरला. आबा भांडले नाहीत. घरी मोजलेलं वजन त्यांनी डायरीत लिहिलं होतं, शेजारी ती पट्टी डकवून ठेवली. डायरी अजून माझ्याकडे आहे. डिंक सुटलाय, पण दोन्ही आकडे वाचता येतात.