दातांची सफाई (स्केलिंग) मेडिक्लेममध्ये मिळते का?

तुमच्याकडे ५ लाखांचा मेडिक्लेम असला, तरी दातांच्या सफाईचे बिल बहुतेक वेळा तुम्हालाच भरावे लागते. नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते, आणि स्केलिंग तर दवाखान्याच्या खुर्चीवरच होते. अपघातात दात किंवा जबडा मोडून दाखल व्हावे लागले, तर दंतोपचाराचा खर्च साधारणपणे मिळतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे लागणारे दंतोपचार येतात, पण तेही रुग्णालयात दाखल असताना.

ओपीडी कव्हर असेल तर

कंपनीच्या गट विम्यात किंवा जादा हप्ता भरून घेतलेल्या पॉलिसीत ओपीडी कव्हर असेल, तर खर्च मिळण्याची शक्यता आहे. मात्र ‘डेंटल’ हा शब्द पाहून निश्चिंत होऊ नका. काही पॉलिसी दात काढणे, रूट कॅनल यांचा खर्च देतात आणि सफाई-पॉलिशिंग ‘सौंदर्योपचार’ म्हणून वगळतात. एचआरला किंवा विमा कंपनीला ईमेल करून विचारा: स्केलिंग मिळते का, वर्षाला किती रुपयांपर्यंत आणि कोणत्या दवाखान्यात? फोनवरचे ‘हो’ क्लेमच्या वेळी कामी येत नाही.

बिलावर निदान, उपचाराचे नाव, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. ‘सफाईऐवजी दात काढल्याचे बिल देतो’ असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्या. ती फसवणूक आहे, पॉलिसी रद्द होऊ शकते; शिवाय पुढे तोच दात खरोखर काढावा लागला तर कंपनीला काय सांगणार? ‘डेंटल प्लॅन’ म्हणून विकली जाणारी सवलत कार्डे हा विमा नव्हे.

विमा नसेल तर

करावे गावात किंवा सीवूड्समध्ये राहत असाल, तर नेरूळची डी. वाय. पाटील व तेरणा आणि बेलापूरची भारती विद्यापीठ ही दंत महाविद्यालये जवळच आहेत. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी असतो. घरात कोणाचा ईएसआयसी कापला जात असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये), तर आपल्या ईएसआयसी दवाखान्यात दंत विभागाची चौकशी करा. हा लाभ कुटुंबालाही असतो, आणि तो न वापरणारी कुटुंबे आम्हाला नेहमी भेटतात.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी सफाई इथेच करून निघावे. तिथल्या नोकरदारांच्या दंतविम्यात वर्षाला दोन सफाया बहुधा मिळतात. पाहुण्यांच्या प्रवास विम्यात मात्र दातांसाठी सहसा अचानक उठलेली वेदना किंवा इजा एवढेच असते.

विम्याची वाट पाहत थांबावे का?

नाही. दातांवर साचलेले कडक किटण ब्रशने निघत नाही. त्यामुळे आधी हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर सफाई आणि नीट ब्रशिंगने हिरड्या पूर्ववत होऊ शकतात. दुर्लक्ष केल्यास दाताभोवतीचे हाड झिजते, आणि झिजलेले हाड सफाईने भरून येत नाही. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. हा आजार बराच काळ दुखतच नाही.

‘स्केलिंगने दात हलतात’ ही भीती घराघरांत आहे. खरे म्हणजे किटणाने झाकलेली फट सफाईनंतर दिसू लागते. काही दिवस थंड पाणी झोंबते, ते हळूहळू कमी होते.

मधुमेह असेल, मिश्री किंवा तंबाखू लावत असाल, तर सफाई किती महिन्यांनी करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा. ती स्वतःहून बंद करू नका. दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर पॉलिसीची कागदपत्रे शोधत बसू नका, आधी दाखवून घ्या.