ठरलेले विश्व आणि सूत्रधाराची मोकळीक

नाशिक : प्रत्येक खेळाडूने एक पात्र स्वीकारायचे आणि संभाषणातून कथा पुढे न्यायची, असा रोल प्लेइंग गेमचा प्रकार आहे. त्यातील प्रसंग मांडणारा, उर्वरित पात्रे सांभाळणारा आणि नियमांचा निवाडा करणारा तो गेम मास्टर, म्हणजेच सूत्रधार. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने या खेळाचा पाया घातला. पुढे १९८७ मधील 'फरगॉटन रेल्म्स'सारखी तयार काल्पनिक विश्वे प्रकाशित झाली आणि प्रश्न उभा राहिला : आधीच ठरलेल्या विश्वात सूत्रधाराने किती बदल करावेत?

दशावताराचा दाखला

मराठी रंगपरंपरेला हा प्रश्न नवा नाही. सिंधुदुर्ग व गोव्यातील पारंपरिक दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि भूमिका कोणाची, हे प्रयोगापूर्वी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. पूर्वरंगातील संकासुर मालवणीत बोलतो, चालू घडामोडींवर कोपरखळ्या मारतो. तथापि वेद पळविणाऱ्या या असुराचा अखेर विष्णूच्या हातून वध होतो, हे बदलत नाही. भाषा व विनोद नटाच्या हाती, कथेचा कणा परंपरेच्या हाती, अशी ही विभागणी आहे.

पंचवटीची कसोटी

समजा, खेळाची भूमी रामायणातील पंचवटी आहे. गोदाकाठी नवा आश्रम उभारला किंवा मूळ कथेत नसलेला नावाडी आणला, तर त्या विश्वाला धक्का लागत नाही. शूर्पणखेचा प्रसंगच वगळला, तर मात्र सीताहरणाला कारण उरत नाही. 'नासिका' शब्दावरून नाशिक हे नाव पडल्याची लोकसमजूतही निराधार ठरते. म्हणूनच एका बदलामागे काय काय कोसळते, हे आधी पाहावे लागते.

पूर्वसूचना महत्त्वाची

मोठे बदल निषिद्ध नाहीत. पण खेळाडू आपले निर्णय त्या विश्वाच्या माहितीवर घेतात. शूर्पणखेला वैरी मानून डाव आखणाऱ्याला ती मुळातच मित्र असल्याचे मध्येच कळले, तर चूक नसताना त्याचा डाव फसतो आणि सूत्रधारावरील विश्वास उडतो. यासाठीच पहिल्या डावापूर्वी एकत्र बसून असे बदल ठरविण्याची पद्धत अनेक गटांत आहे. रहस्य राखणे हा सूत्रधाराचा हक्क आहे. पात्रांना ठाऊक असायलाच हवी अशी गोष्ट गुपचूप बदलणे हा नव्हे.